संगणकशिक्षणाचे अन्नछत्र

इयत्ता तिसरीपासून देशातील सर्व शाळांत कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचारपद्धती यांचे शिक्षण सुरू करण्याची घोषणा केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली आणि त्यासाठी २०२६-२७ हे शैक्षणिक वर्ष मुक्रर केले. त्याआधी जुलै २०२० मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक पूर्व इयत्तांपासून कोडिंग, म्हणजे संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण देण्याचा संकल्प होताच. २०२१ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कोडिंगचा विषय सुरूही केला. घोषणांची उणीव नाही. उणीव आहे ती एका साध्या प्रश्नाच्या उत्तराची : हे शिकवणार कोण?

या प्रश्नाला सत्ताधाऱ्यांजवळ आणि त्यांच्या भोवती जमलेल्या कंपन्यांजवळ एकच तयार उत्तर आहे. शिक्षक नसला तरी बिघडत नाही, ऑनलाइन प्लॅटफॉर्म आहे. मुलाने पडदा उघडावा, चित्रफीत पाहावी, कोडी सोडवावीत, शेवटी प्रमाणपत्र छापून घ्यावे. शाळेने एक खोली आणि एक जोडणी द्यावी, बाकी सर्व वरून येईल. हे उत्तर इतके सोयीचे आहे की त्याविषयी शंका घेणाऱ्याला विज्ञानाचा शत्रू ठरवले जाते. म्हणूनच त्याची परीक्षा विज्ञानाच्याच कसोटीवर, म्हणजे वस्तुस्थितीच्या आधारे, केली पाहिजे.

वरून येणाऱ्या वाटपाचा एक जुना दाखला मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. काशीला गंगेच्या काठावर राजा घाट म्हणून जो दगडी घाट आहे तो अमृतराव पेशव्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधून काढला. पूर्वी तो अमृतरावाच्याच नावाने ओळखला जाई. रघुनाथरावाचा हा दत्तक पुत्र. १८०३ साली त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला, पुण्याच्या राजकारणातून अंग काढून घेतले आणि सालीना सात लाख रुपयांच्या तनख्यावर उत्तरेत बस्तान बसवले. त्याच्या दानधर्माचा लौकिक मोठा होता. १८२४ साली काशीस आलेल्या बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. शहराबाहेर अमृतरावाची एक मोठी बाग होती व तिला चार दरवाजे होते. वर्षातील एका ठरलेल्या दिवशी तीन दरवाजे तीन प्रकारच्या याचकांसाठी उघडले जात आणि ब्राह्मण, आंधळे, पांगळे असे जे येतील त्यांना तांदूळ व एकेक रुपया मिळे. चौथा दरवाजा धन्याच्या व त्याच्या नोकरांच्या वापरासाठी राखलेला होता. ज्याने दान घेतले त्याला बागेतच थांबवून ठेवले जाई, कारण बाहेर सोडला तर तो पुन्हा रांगेत उभा राहील. या एका दिवसात काही वर्षी पन्नास हजार रुपये वाटले गेल्याचे हेबरच्या कानावर आले होते. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांच्या रमण्यात श्रावणात जी दक्षिणा वाटली जाई, तिचीच ही गंगाकाठची आवृत्ती.

या दानशूरतेची निंदा करण्याचे कारण नाही. भुकेल्याच्या पोटात दोन घास गेले हे खरेच आहे. परंतु त्या व्यवस्थेचा विचार करताना तीन गोष्टी डोळ्यांआड करता येत नाहीत. पहिली, वाटलेला पैसा मुळात रयतेच्या सारावसुलीतूनच आलेला होता. दुसरी, किती द्यायचे, कोणाला द्यायचे आणि कोणत्या दरवाजातून आत घ्यायचे हे देणारा ठरवीत होता, घेणाऱ्याला त्यात शब्द नव्हता. आणि तिसरी, धनी मरण पावला की छत्र कोणाच्या मर्जीवर चालायचे याचा भरवसा नव्हता. हेबर काशीत आला त्याच १८२४ साली अमृतराव वारला.

आज संगणकशिक्षणाचे जे अन्नछत्र ऑनलाइन प्लॅटफॉर्मच्या रूपाने उघडण्यात आले आहे, त्याला या तिन्ही गोष्टी तंतोतंत लागू पडतात.

प्रथम शेवटची गोष्ट पाहू. कारण तिचा पुरावा ताजा आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. २०१८ साली मुंबईत व्हाइटहॅट ज्युनियर नावाची कंपनी निघाली. सहा-सात वर्षांच्या मुलांना घरबसल्या कोडिंग शिकवण्याचा तिचा धंदा होता. ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे शाळांना कुलपे असताना, बायजूज कंपनीने तिला ३० कोटी डॉलर मोजून विकत घेतले. त्यानंतर मध्यमवर्गीय पालकांवर जाहिरातींचा जो भडिमार झाला तो अजून लोकांच्या स्मरणात आहे. वुल्फ गुप्ता नावाच्या एका मुलाला बड्या परदेशी कंपनीत कोट्यवधींच्या पगाराची नोकरी मिळाल्याचे त्या सांगत होत्या. एका जाहिरातीत त्याचे वय एक, दुसरीत दुसरे; पगाराचा आकडाही दर वेळी निराळा. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेने त्या मागे घ्यायला लावल्या. इयत्ता सहावीपासून कोडिंग सक्तीचे झाल्याचा प्रचारही त्या काळात चालला होता आणि तो खोटा असल्याचा खुलासा महाराष्ट्राच्या तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांना करावा लागला. कंपनीच्या शिकवणीवर जाहीर टीका करणाऱ्या एका अभियंत्यावर २० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावण्यात आला. गवगवा झाल्यावर २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला.

पुढे काय झाले? शाळा उघडल्या, मुले वर्गात परतली, आणि घरबसल्या शिकवणीची मागणी ओसरली. २०२२ च्या उन्हाळ्यात कंपनीने कर्मचाऱ्यांना कार्यालयात हजर होण्याचा हुकूम काढला तेव्हा शेकडो जणांनी राजीनामे दिले. लगोलग शेकडो जणांना काढूनही टाकण्यात आले. जिची किंमत भांडवलबाजाराने एके काळी २२ अब्ज डॉलर ठरवली होती त्या बायजूज कंपनीवर १६ जुलै २०२४ रोजी दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. धनी बसला आणि छत्र उठले. कर्ज काढून वर्षावर्षाची फी आगाऊ भरणाऱ्या पालकांच्या पदरी जे पडले त्याला शिक्षण म्हणता येत नाही.

हा एका कंपनीच्या चालकांच्या लबाडीचा प्रश्न असता तर अग्रलेखाचा विषय झाला नसता. प्रश्न व्यवस्थेचा आहे. नफ्यासाठी उभे राहिलेले भांडवल नफा असेल तोवरच वर्गात थांबते. मूल मात्र दहा-बारा वर्षे वर्गात असते. ज्याचा मुक्काम तिमाही हिशेबावर अवलंबून आहे त्याच्या हाती पिढीचे शिक्षण सोपवता येत नाही, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे.

तथापि सरकारी योजनेलाही केवळ सरकारी म्हणून प्रमाणपत्र देता येत नाही. भारतातील शाळांत संगणक प्रथम आला तो १९८४-८५ साली, ‘क्लास’ या केंद्रीय योजनेतून. सुमारे अडीचशे शाळांपासून तिची सुरुवात झाली. यंत्रे ब्रिटनच्या ॲकॉर्न कंपनीने बनवलेली बीबीसी मायक्रो जातीची. त्यांवरील पाठही इंग्रजीत. शिक्षकाला थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, मुलाच्या वाट्याला आठवड्यातील मोजकी मिनिटे. बहुतेक ठिकाणी ते यंत्र पाहुण्यांना दाखवण्याची वस्तू बनून राहिले. यंत्र आधी, पाठ त्यानंतर, आणि शिक्षक सर्वांत शेवटी, हा जो उलटा क्रम तेव्हा लावला गेला तोच चाळीस वर्षांनंतर नव्या नावाने पुन्हा लावला जात आहे. फरक एवढाच की आता शिक्षकाला क्रमातूनच वगळण्याची भाषा सुरू आहे.

वस्तुस्थिती काय आहे ते सरकारचीच आकडेवारी सांगते. २०२४-२५ च्या यूडायस अहवालानुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय आहे. याचा सरळ अर्थ असा की दर तीन शाळांपैकी एक शाळा आजही या दोहोंपासून वंचित आहे. हे प्रमाण आदल्या वर्षापेक्षा वाढले आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु शाळेत एक संगणक असणे आणि मुलाच्या हाताला तो लागणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि तो अधिक बोलका आहे : देशात १ लाख ४ हजार १२५ शाळा एकशिक्षकी असून त्यांत ३३ लाख ७६ हजार मुले शिकत आहेत. जो शिक्षक एकाच वेळी चार-पाच इयत्ता सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि निवडणुकीच्या याद्याही तपासतो, त्याने तिसरीच्या मुलांना संगणकीय विचारपद्धती शिकवावी अशी अपेक्षा आहे.

घरची स्थितीही पाहावी. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. त्यानंतर मोबाइल फोन घरोघर पोहोचले. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. परंतु फोनवर आज्ञावली पाहता येते. ती लिहिण्याचा सराव त्या चार बोटांच्या पडद्यावर होत नाही. शिवाय तो फोन बापाच्या खिशात असतो, आणि घरात एकाहून अधिक मुले असली तर तो आधी मुलाला मिळतो, मुलीला मागून मिळतो.

आता मूळ मुद्दा. आज्ञावली लिहायला शिकणे म्हणजे काय? संगणक स्वतः काही समजत नाही. त्याला काम पायरीपायरीने, एकही पायरी न गाळता सांगावे लागते. राजा घाटावर उतारूंची वाट पाहणाऱ्या नावाड्याच्या मुलाचे उदाहरण घ्यावे. दिवसाच्या शेवटी त्याला हिशेब करायचा आहे. किती फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीला किती उतारू बसले, भाडे किती आले, त्यातून नावेच्या मालकाचा वाटा किती आणि वल्हवणाऱ्याच्या हाती किती राहिले. हा हिशेब आज्ञावलीत मांडायचा तर फेऱ्या संपेपर्यंत तीच कृती पुन्हा करायची, उतारू दहापेक्षा अधिक असतील तर एक नियम, कमी असतील तर दुसरा नियम, आणि प्रत्येक वेळी बेरीज पुढे न्यायची. हेच ते संगणकीय विचार. त्यात गूढ असे काही नाही. श्रम करणाऱ्या माणसाला हा विचार परका नाही. विणकर मागावर नक्षी उठवतो तेव्हा तो याच रीतीने चालतो.

मात्र मुलाची पहिली आज्ञावली चुकते, दुसरीही चुकते. बेरीज पुढे न नेल्याने उत्तर शून्य येते, किंवा थांबण्याची अट विसरल्याने यंत्र गोल गोल फिरत राहते. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य उमटते. खरे शिक्षण या क्षणी सुरू होते. चूक कुठे झाली हे शोधणे, हाच या विद्येचा गाभा आहे. या क्षणी मुलाला चित्रफितीचा उपयोग नसतो, कारण चित्रफितीतील माणसाने ती चूक केलेलीच नाही. प्लॅटफॉर्म फार तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढे सांगतो किंवा तयार उत्तर पुढे सरकवतो. शेजारी उभा राहून ‘तिसऱ्या फेरीला काय होते ते कागदावर लिहून पाहा’ असे म्हणणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे शिक्षक. ज्या घरात असा माणूस आहे, जेथे आई किंवा बाप अभियंता आहे, तेथील मूल प्लॅटफॉर्मवरून खरोखरच शिकते. ज्या घरात तो नाही तेथील मूल तिसऱ्या पाठापाशी थांबते. म्हणजे जे साधन सर्वांना समान म्हणून दिले जाते तेच असमानता वाढवते. अमृतरावाच्या बागेला दरवाजे चार होते. चौथा कोणासाठी राखलेला आहे हे आजही वेगळे सांगावे लागत नाही.

यातच भाषेचा प्रश्न येतो. संगणकाच्या आज्ञांचे मोजके इंग्रजी शब्द मूल महिन्याभरात पाठ करते. ती अडचण मोठी नाही. अडचण आहे ती ‘का’ या प्रश्नाची. ‘का’ हा प्रश्न मूल मराठीत, भोजपुरीत किंवा गोंडीत विचारते आणि त्याचे उत्तरही त्याला त्याच भाषेत समजते. याबाबतीत काशीनेच एक उत्तम उदाहरण घालून दिले आहे. १८२१ साली पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री हे गणितज्ञ १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. भारतीय ज्योतिर्गणिताबरोबर युरोपीय बीजगणितही त्यांनी आत्मसात केले आणि ते संस्कृतात व हिंदीत ग्रंथबद्ध केले. नवी विद्या परकी असते म्हणून ती परक्याच भाषेत शिकावी लागते, हा समज पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने गंगेच्या काठी खोटा ठरवला होता.

परंतु त्याच पाठशाळेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १७९१ साली इंग्रज रेसिडेंट जोनाथन डंकनने ती स्थापन केली तेव्हा वैद्यकाचा अपवाद वगळता सर्व अध्यापक ब्राह्मणच असावेत असा नियम होता. विद्या होती, पण तिच्या दारावर जातीचा पहारा होता. घाटावरच्या नावाड्याचे मूल त्या दारातून आत जाणे शक्यच नव्हते. आज काही मंडळी संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचे व्यासपीठावरून सांगत फिरतात आणि त्यासाठी १९८५ साली एका अमेरिकन संशोधकाने लिहिलेल्या लेखाचा हवाला देतात. संगणकाला अर्थ कसा सांगता येईल या संदर्भात त्या लेखात संस्कृत व्याकरणपद्धतीचा विचार केलेला होता. शाळेतील मुलांना आज्ञावली शिकवण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पाणिनीच्या बुद्धीचा अभिमान अवश्य धरावा. परंतु गावच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी ठेवून पाणिनीचा जयघोष करणे म्हणजे पोराला उपाशी ठेवून आजोबांच्या मेजवान्यांच्या गोष्टी सांगण्यासारखे आहे.

प्लॅटफॉर्म फुकट असला तर काय बिघडले, असा सवाल केला जातो. बागेत शिरलेल्या याचकाला थांबवून ठेवले जाई, हे येथे आठवावे. फुकट प्लॅटफॉर्मवर शिरलेल्या मुलाचे नाव, वय, शाळा, ते कुठे अडले, किती वेळ रमले, कोणत्या ठिकाणाहून आले, या सर्वांची नोंद होते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२ मध्ये ४९ देशांतील १६४ शैक्षणिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली तेव्हा त्यांपैकी ८९ टक्के उत्पादनांची माहिती हाताळण्याची रीत मुलांच्या हक्कांना धोका पोहोचवणारी आढळली. सरकारचे ‘दीक्षा’ हे ॲपही त्यातून सुटले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये असे उघडकीस आले की सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची आणि दहा लाखांवर शिक्षकांची माहिती वर्षाहून अधिक काळ कोणत्याही संरक्षणाविना उघड्यावर पडलेली होती. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक अहवालात तंत्रज्ञान हे साधन असले तरी ते कोणाच्या अटींवर वापरायचे, हाच प्रश्न विचारला आहे. तो प्रश्न भारतातील श्रमिक पालकांनी आपला केला पाहिजे.

यावरून संगणक नको, ऑनलाइन पाठ नकोत, असा निष्कर्ष काढणे म्हणजे यंत्र फोडायला निघण्यासारखे होईल. यंत्राचा दोष नाही. ते कोणाच्या हाती आहे यावर सर्व अवलंबून असते. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत तयार झालेली ‘स्क्रॅच’ ही २००७ पासून उपलब्ध असलेली मोफत प्रणाली मुलांना रंगीत तुकडे जोडून आज्ञावली शिकवते. ‘पायथॉन’ ही भाषाही सर्वांना खुली आहे. जगभरच्या शिक्षकांनी व अभियंत्यांनी उभारलेली ही सामाईक संपत्ती आहे आणि तिच्यावर राजा घाटावरच्या मुलाचा तेवढाच हक्क आहे जेवढा बोस्टनच्या मुलाचा.

ही संपत्ती सार्वजनिक शाळेत कशी आणता येते हे केरळने दाखवले आहे. २००१ साली तेथे ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यातूनच पुढे ‘काइट’ ही सरकारी संस्था उभी राहिली. बड्या परदेशी कंपनीची महागडी प्रणाली टाळून लिनक्स या मुक्त प्रणालीवर शाळांचे संगणक चालवले गेले. मल्याळम पाठ्यपुस्तके शिक्षकांच्या सहभागाने तयार झाली. डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २०१६ नंतर सुमारे ४५ हजार वर्गखोल्या नव्या साधनांनी सुसज्ज केल्या. २०१८ पासून दोन हजारांहून अधिक शाळांत ‘लिटल काइट्स’ ही मुलांची मंडळे काम करू लागली. २०२४ साली सातवीच्या पाठ्यपुस्तकात कृत्रिम बुद्धिमत्तेचा धडा आला. त्याच वर्षी सुमारे ८० हजार शिक्षकांना त्या विषयाचे प्रशिक्षण देण्याची मोहीम हाती घेण्यात आली. आधी शिक्षक, मग पुस्तक, आणि त्यांच्या हाती यंत्र, हा क्रम तेथे सरळ आहे.

केरळच्या वाटेतही ठेच लागली आणि ती लपवण्याचे कारण नाही. १ जून २०२० रोजी, दूरदर्शन संचावरून व फोनवरून वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, मलप्पुरम जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलीने आत्महत्या केली. घरातला टीव्ही बंद पडला होता आणि स्मार्टफोन नव्हता. या मृत्यूने सबंध राज्य हादरले. त्यानंतर वाचनालये, शाळा, अंगणवाड्या यांतून सामाईक अभ्यासकेंद्रे उघडली गेली, युवक व शिक्षक संघटनांनी संच गोळा करून वस्त्यांत पोहोचवले. सर्वांत चांगल्या सरकारी व्यवस्थेतही शेवटच्या घराचा विचार एक दिवस उशिरा केला तर किती भयंकर किंमत मोजावी लागते, हे त्या मुलीने सांगून ठेवले आहे.

आता महाराष्ट्राकडे व उत्तर प्रदेशाकडे पाहावे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी स्वतःच्या जिद्दीने काय करता येते ते दाखवले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. प्लॅटफॉर्म शिक्षकाच्या हातात असला की काय घडते याचा तो दाखला होता. परंतु राज्यकर्त्यांनी त्यातून काय धडा घेतला? सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी शाळा कंपन्यांना व धनिकांना दत्तक देण्याची योजना निघाली, आणि त्याच महिन्यात कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा उभारण्याची हालचाल सुरू झाली. दत्तक देणे हा शब्दच पुरेसा बोलका आहे. ज्या शाळेचे मायबाप जिवंत आहेत ती दत्तक का द्यावी लागते? उत्तर प्रदेशात १६ जून २०२५ च्या आदेशाने कमी पटाच्या प्राथमिक शाळा शेजारच्या शाळांत विलीन करण्याचा सपाटा लावला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. एका हाताने तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्याची घोषणा, दुसऱ्या हाताने तिसरीचा वर्गच दूरच्या गावी नेण्याचा हुकूम. ही विसंगती नाही. एकाच धोरणाच्या या दोन बाजू आहेत. शाळेवरील खर्च कमी करायचा आणि त्या पोकळीत बाजाराला शिरकाव द्यायचा.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात नेमक्या याच धोरणावर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो. वरच्यांना शिकवले की विद्या खाली झिरपेल ही आशा खोटी आहे, असे त्यांनी बजावले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षकांना पुरेसा पगार द्यावा, अभ्यासक्रम उपयोगी असावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून त्या दिशेने पाऊल टाकले. प्लॅटफॉर्मवाद्यांचा सिद्धांत हा त्याच झिरपणीचा आधुनिक अवतार आहे. फरक इतकाच की पाणी आता तारेतून झिरपणार आहे.

म्हणून संगणकशिक्षणाची मागणी करताना ती नेमक्या शब्दांत केली पाहिजे. शिक्षकांच्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरल्याशिवाय नवा विषय लादू नये, आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत संगणकाचा प्रशिक्षित शिक्षक पूर्ण वेतनावर नेमावा. पाठ मातृभाषेत, शिक्षकांच्या सहभागाने, सरकारी खर्चाने तयार व्हावेत व ते सर्वांना खुले असावेत. शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर चालावेत. मुलांची माहिती कोणत्याही कंपनीच्या हाती जाऊ नये. शाळा सुटल्यावर संगणकाची खोली वस्तीतल्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, उघडी राहावी. एकही शाळा बंद होऊ नये, एकही दत्तक दिली जाऊ नये. यासाठी पैसा कुठून आणायचा हा प्रश्न नवा नाही; राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली होती आणि २०२० च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा छापला आहे. छापलेला आकडा तिजोरीतून बाहेर काढणे एवढेच बाकी आहे, आणि तो आपोआप बाहेर येत नाही. शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्या संघटनांनी एकत्र येऊन, ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत रेटा लावला तरच तो येईल.

राजा घाटाच्या पायऱ्या आजही भक्कम आहेत. त्या ज्यांनी घडवल्या त्या पाथरवटांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. नाव राहिले ते धन्याचे. नव्या युगाच्या पायऱ्याही श्रमिकांचीच मुले घडवणार आहेत. त्यांच्या हाती ती विद्या दान म्हणून, रांगेत उभे राहून, देणाऱ्याच्या मर्जीने यावी, की हक्क म्हणून, आपल्या गावच्या शाळेत, आपल्या शिक्षकाकडून, आपल्या भाषेत यावी, याचा निर्णय आता करायचा आहे. अन्नछत्रात माणूस एक दिवस जेवतो. शाळेत तो आपला हिशेब आपण मांडायला शिकतो, आणि वल्हवणाऱ्याच्या वाट्याला इतके कमी का येते हेही त्याला त्या हिशेबातच दिसू लागते.